नाकातोची बाजू

१

सकाळी ऑफिसात आले की मी आधी कळ दाबते आणि मग खाली खायला जाते. वर यंत्र कंपाईल करत बसतं, म्हणजे आम्ही लिहिलेला सगळा कोड दळून त्यातून आम्ही बनवतो त्या खोक्यांत भरण्याजोगा ऐवज काढतं. खाली रस्त्यावर मी मुसाच्या गाडीवरची अंड्याची चपाती हाणते. चपाती संपते, चहा संपतो, मुसाशी फुटबॉलवरून भांडून होतं, शेजारच्या सलूनमध्ये कुणाच्या वेण्या चालल्यात ते बघून होतं, आणि वर यावं तर यंत्राचं दळण चालूच असतं. कंपालाच्या न्तिंदा भागातल्या या तिसऱ्या मजल्यावर नोकरीला लागल्यापासून माझं वजन वाढलं ते केवळ या यंत्रामुळे, हे मी कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे.

यंत्र दिसायला भारदस्त. युरोपातल्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन कंपालाच्या बाजारात आलेलं. एका धडात दोन प्रोसेसर. आलं त्याच दिवशी ओकेलो म्हणाला, "दोन डोकी, एक पोट. हे तर जुळं!" आणि त्यानं यंत्राच्या पेटीवर नावाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. डावीकडे 'बाबिर्ये', उजवीकडे 'नाकातो'.

आमच्या बुगांडात जुळ्या मुलींना नावं शोधावी लागत नाहीत. आधी आली ती बाबिर्ये, मागून आली ती नाकातो. मी बाबिर्ये. माझी चेष्टा म्हणूनच ओकेलोनं त्या पट्ट्या लावल्या होत्या. तो उत्तरेकडचा, लांगो जमातीचा, त्याला आमच्या घरचं काय ठाऊक! सगळे हसत असताना मी सहज सांगितलं, की माझी नाकातो चार वर्षांची असतानाच उडाली. जुळं मेलं असं आमच्यात म्हणत नाहीत, उडालं म्हणतात. ओकेलोचा चेहरा पडला. तो पट्टी ओढून काढायला धावला, तर मीच त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे रे. नाव चांगलं आहे." माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी मोजून खात्री करणारी बाई.

आम्ही करत होतो ती खोकी सरोवरातल्या मच्छीमारांसाठी होती. वादळी वारा यायच्या आत खोकं ओरडायचं, म्हणजे नाव माघारी वळवायला वेळ मिळायचा. खोक्यावर एक हिरवा दिवा होता. दुसऱ्या नावेचं खोकं जवळपास असेल तर तो लागायचा. घोडं अडलं होतं तिथेच. दोन नावा जवळ आल्या, दिवे लागले, की दोन्ही खोकी मुकी व्हायची. आणि मासा मिळतो तिथे नावा जवळजवळच असतात.

पहिलं खोकं मी हौसेनं माझ्या धाकट्या भावाला दिलं होतं, किझ्झाला. तो कालांगालाच्या बेटावर मासे धरतो. ते मुकं होतं हे कळल्यावर मी त्याला फोनवर हात जोडून सांगितलं, की नवा ऐवज येईपर्यंत लांब जाऊ नकोस.

"ताई, लांब गेलो नाही तर खाऊ काय, तुझं खोकं?" तो म्हणाला, आणि खो खो हसला.

दुरुस्ती सुचायची, लिहून व्हायची. पण ती बरोबर आहे का हे कळायला सगळं पुन्हा कंपाईल करावं लागायचं, आणि त्यात अर्धा दिवस जायचा. शुक्रवारी दुपारी बेटाची बोट सुटणार होती, तिच्यातून नवा ऐवज भरलेली खोकी सगळ्या नावांसाठी जायची होती. तोवर जमलं नाही तर किझ्झा मुकं खोकं घेऊनच पाण्यात जात राहणार होता.

२

सालोंगो आमचे मालक. त्यांचं खरं नाव मुकीबी, पण जुळ्यांचा बाप झाल्यावर आमच्याकडे माणसाचं नाव मागे पडतं, तो नुसता सालोंगो होतो. ते आठवड्याच्या सुरुवातीलाच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाबिर्ये, कोड बाजूला ठेव. आधी यंत्राचा हा रेडा का चालत नाही ते शोध."

"सालोंगो, म्हातारा झालाय तो."

"म्हातारा मीपण झालोय. मी चालतो की नाही?"

मग मी शोधाला लागले. हे काम मला मनापासून आवडतं. यंत्र रखडतं तेव्हा त्यातलं कुणीतरी एक जण बाकीच्यांना ताटकळत ठेवत असतं, तो शोधायचा. आधी डिस्कवर संशय घेतला. ओकेलोची नवीकोरी डिस्क लावली, काही फरक नाही. मग उष्णतेवर. सगळे पंखे साफ केले, धुळीचा ढीग निघाला आणि पालीचं एक अंडंही. फरक नाही. मग विजेवर. शेजाऱ्यांच्या मीटरवरून वायर ओढली, शेजारी भांडून गेले, फरक नाहीच.

"रोग रेड्याला आणि तू औषध देतेयस पखालीला," ओकेलो खुर्चीत झुलत म्हणाला.

"मग तू दे ना औषध. नुसता झुलतोयस."

"मी मनोबल देतोय."

पडद्यावर दोन्ही प्रोसेसर घाम गाळताना दिसत होते. मग मी दोघांना एकच काम वेगवेगळं देऊन पाहिलं. डाव्यानं ते झटक्यात संपवलं. उजव्यानं वेळ घेतला. बिघडलेला प्रोसेसर अडखळतो, चुकतो, मध्येच मान टाकतो. हा तसं काही करत नव्हता. हा नीट, एकसारखा, शहाण्या मुलासारखा करत होता, फक्त फार उशिरानं.

एक गोष्ट मला खटकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा आदल्या संध्याकाळपासून वीज गेलेली होती आणि यंत्र बंद होतं. धूळ पुसायला मी यंत्रावर हात ठेवला. डावी बाजू गार होती, उजवी कोमट.

ऊन पडलं असेल, मी म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की खिडकी डावीकडे आहे. पण तेवढ्यात वीज आली, ओकेलोनं कुठलंसं गाणं लावलं आणि मी ते सोडून दिलं.

३

शेवटी झाकण पुरतं उघडून मी आत डोकं घातलं आणि मला हसूच फुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

यंत्रात रॅमच्या चार पट्ट्या होत्या. प्रत्येक प्रोसेसरला शेजारी आपापल्या खाचा असतात, आपली रॅम आपल्या हाताशी असावी म्हणून. विकणाऱ्यानं चारही पट्ट्या डाव्या प्रोसेसरच्या खाचांत कोंबल्या होत्या. उजव्याच्या खाचा रिकाम्या. म्हणजे उजव्याला एक आकडा हवा असला तरी डाव्याकडे मागावा लागत होता, डावा आपल्या कामातून सवड काढून देणार, तोवर दोघं खोळंबणार.

मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. ओकेलोनं शीळ घातली. सालोंगो मात्र खरोखरच रागावले.

"हे कुणी केलं? एकीच्या पानात सगळं आणि दुसरी उपाशी?"

"सालोंगो, ते प्रोसेसर आहेत."

"नावं कुणी ठेवली? तुम्हीच ठेवलीत ना? एकदा जुळं म्हटलं की जुळं. माझ्या घरी एकीला फ्रॉक आणला नि दुसरीला नुसती रिबीन आणली, तर त्या रात्री आम्हा नवराबायकोला दोघींनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. वाट आधी, सारखं वाट!"

मी दोन पट्ट्या काढून उजवीकडे लावल्या. दोन इकडे, दोन तिकडे. झाकण लावलं, कळ दाबली आणि नेमाप्रमाणे खाली गेले. मुसानं अंडं नुकतं तव्यावर फोडलं होतं. तेवढ्यात वरून खिडकीतून ओकेलो बोंबलला, "बाबिर्ये! झालं!"

"काय झालं?"

"सगळं! झालं पण! वर ये!"

मी कच्ची चपाती तशीच सोडून जिने चढले. खरंच झालं होतं. मी दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा लावून बघितलं. अर्ध्या दिवसाचं काम एक कप चहा होईतो आटपत होतं. आम्ही तिघांनी टेबलाभोवती नाच केला. सलूनवाल्या बायका काय झालं म्हणून वर आल्या आणि कारण न विचारताच नाचायला लागल्या. सालोंगोंनी सगळ्यांना चपात्या मागवल्या. मी फार खुशीत होते. जाता जाता सालोंगो यंत्राच्या उजव्या बाजूला थोपटून हळूच म्हणाले, "वेबाले, न्याबो." म्हणजे, आभारी आहे, बाई. मी हसून तिकडे दुर्लक्ष केलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी मागे राहिले. प्रोसेसरवर धातूचा ठोकळा बसवलेला असतो, त्याची उष्णता ओढून घ्यायला. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मध्ये लावलेला लेप जुना झाला की सुकतो. तो बदलला तर यंत्र आणखी पळेल असा माझा हिशेब होता. अतिशहाणपणा, दुसरं काय!

यंत्र बंद केलं. डावा ठोकळा उचलला. खाली सुकलेला, तडे गेलेला लेप आणि त्याखाली चकचकीत चौकोनी प्रोसेसर. पुसला, नवा लेप लावला, ठोकळा परत बसवला.

मग उजवा उचलला.

खाली प्रोसेसर नव्हता.

प्रोसेसर बसतो ती बैठक होती. केसासारख्या बारीक सोनेरी टोकांच्या रांगाच्या रांगा, उघड्या, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांची मऊ धूळ. कुणाचा हात कधी लागलेला नाही अशी धूळ. ठोकळ्याचा तळ कोरडा होता, त्याला लेपाचा डागसुद्धा नव्हता. विकणाऱ्यानं प्रोसेसर काढून ठेवून वरून रिकामा ठोकळा बसवला होता आणि दोनाचं यंत्र म्हणून आमच्या गळ्यात मारलं होतं. याला फसवणूक म्हणतात. ती समजण्यासारखी आहे.

पण माझ्या हातातला तो ठोकळा गरम होता. चहाचा पेला असतो तसा गरम.

मी खाली बसले. बाहेर मोटरसायकलवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते, खालून केस वाळवायच्या यंत्राची घरघर येत होती, खोलीत भरपूर ऊन होतं. भीती वाटावी असं त्या खोलीत काही नव्हतं आणि तरी माझी पाचावर धारण बसली. मी स्वतःला समजावू लागले. पडदा दोन दाखवतो तो चुकत असेल. ठीक. पण रॅम वाटल्यावर वेग कसा वाढला? उजव्या खाचांतल्या पट्ट्या उजव्या प्रोसेसरशिवाय कुणाच्याच उपयोगाच्या नसतात. तो नसेल तर त्या नुसत्या शोभेच्या. म्हणजे वेग घटायला हवा होता. कदाचित हे यंत्रच वेगळ्या घडणीचं असेल. कदाचित मला झोप कमी पडली असेल. कदाचित.

मी धूळ पुसली नाही. का, ते विचारू नका. ठोकळा होता तसा हलकेच बसवला, स्क्रू पिळले, यंत्र चालू केलं.

पडद्यावर दोन प्रोसेसर आले.

५

ओकेलो परतला तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आज जो ऐवज मी किझ्झाच्या खोक्यासाठी तयार केला, त्यातला निम्मा कुणी केला?

यावर एक सरळ उपाय होता. मी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन उजवी बाजू बंद केली आणि तोच कोड नुसत्या डाव्या बाजूवर कंपाईल करायला लावला. जुन्याच चालीनं, रखडत रखडत, शुक्रवारी सकाळी तो पुरा झाला. मग दोन्ही ऐवज शेजारी ठेवून ताडून पाहिले. एकाच कोडातून निघालेला ऐवज शेवटच्या ठिपक्यापर्यंत सारखाच यायला हवा. भात कुठल्याही चुलीवर शिजवला तरी भातच व्हायला हवा.

सारखा नव्हता. फरक एकाच जागी होता. दोन नावा जवळ आल्या की काय करायचं, त्या जागी.

मी डाव्या बाजूचा ऐवज टेबलावरच्या दोन खोक्यांत भरला. खोकी जवळ आणली. हिरवे दिवे लागले आणि दोन्ही मुकी. म्हणजे माझी दुरुस्ती चुकीची होती. मग दोन्ही बाजूंनी मिळून केलेला ऐवज भरला. दिवे लागले. मी वादळाची खूण पाठवली. दोन्ही खोकी ओरडली, आधी एक, मग दुसरं, एवढ्या जोरात की ओकेलोच्या हातून चहा सांडला.

"झालं! बाबिर्ये, तू केलंस!" तो मला मिठी मारायला आला.

मी केलं नव्हतं. मी तो फरक उलगडायला बसले. माझ्या कोडात दोन्ही खोकी एकमेकांना 'आधी तू बोल' म्हणून थांबत होती आणि जन्मभर थांबून राहत होती. या दुसऱ्या ऐवजात कुणीतरी ठरवत होतं की आधी कुणी बोलायचं. कसं ठरवत होतं ते मला सापडलं नाही.

मग मात्र मी सालोंगोंना आत बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. ठोकळा उचलून ती रिकामी बैठक दाखवली. त्यांनी वाकून बघितलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी, हे मला नको विचारूस. मला यंत्रातलं कळत नाही, आणि दुसऱ्यातलं जरा जास्तच कळतं. मला एवढंच सांग, बोट दुपारी सुटतेय. तुझ्या भावाच्या नावेत यातलं कुठलं ठेवशील?"

"जे मी केलं ते मुकं आहे, सालोंगो."

"आणि दुसरं?"

"दुसरं कुणी केलं ते मला माहीत नाही."

"ते मी विचारलं नाही."

मी डोळे मिटले. वाऱ्यात सापडलेली किझ्झाची नाव मला दिसली. "दुसरं," मी म्हणाले.

६

सोमवारी सकाळी कळ दाबली, खाली गेले, चपाती खाल्ली, वर आले. यंत्र रखडत होतं. पडद्यावर एकच प्रोसेसर होता.

मी उजव्या बाजूवर हात ठेवला. गार.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. घरातून पाहुणा निघून जावा आणि तो होता हे तेव्हाच कळावं, तसं काहीतरी वाटत राहिलं. तेवढ्यात किझ्झाचा फोन आला आणि सगळंच मागे पडलं.

"ताई! काल वारा आला! सगळ्यांची खोकी ओरडली, अगदी एकमेकांना चिकटलेल्या नावांची पण. आम्ही सगळे किनाऱ्याला लागलो आणि मग वादळानं असं झोडपलं म्हणतेस! कुणाचं बोटसुद्धा ओलं झालं नाही. आमच्यातला म्हातारा सेकांडी तर तुझ्या नावानं बकरं कापणार म्हणतोय."

मी रडले, हसले, फोन सगळ्यांना दिला. ओकेलोनं परत गाणं लावलं. सलूनवाल्या परत वर आल्या.

"एकच आहे, ताई," फोन माझ्याकडे परत आल्यावर किझ्झा म्हणाला. "माझा हिरवा दिवा विझत नाही."

"शेजारी कुणाची तरी नाव असेल."

"नव्हती ना. मी एकटाच होतो. ते राहू दे, दिवा चांगला आहे. जिकडे वळलं की तो भरभर लुकलुकतो, तिकडे गेलो तर मासा हा एवढा!"

मी त्याला दिवा बिघडला असेल म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला, मासा आणखी मिळाला म्हणून. तिसऱ्या दिवशीही आला. तो फार आनंदात होता.

"किती आत गेला होतास रे?" मी विचारलं.

"आत म्हणजे, बेट दिसेनासं झालं होतं. काय निवांत असतं गं तिकडे! दिवा सारखा पुढेच असतो. जवळ जावं तर आणखी जरा पुढे."

मला नाकातो आठवली. किझ्झा आमच्या पाठीवरचा. तो तान्हा असताना नाकातो त्याला पाठीला बांधून केळीच्या बागेत पळून जायची. स्वतः एवढीशी, आणि पाठीवर ते गाठोडं. आई हाका मारून दमायची. विचारलं तर नाकातो म्हणायची, मी त्याला माझं घर दाखवायला नेलं होतं. त्याच्यावर तिचा भारी जीव होता. आई हे आम्हाला हसत हसत सांगते, मीही आजवर हसतच ऐकत आले होते.

"किझ्झा, ते खोकं फेकून दे."

"तूच बनवलंस आणि फेकू? वेडी आहेस का?"

"मग लांब जाऊ नकोस. माझी शपथ."

"उद्या एकदाच जातो. उद्या जवळ पोचेन असं वाटतंय," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

७

सकाळी मी आले तर ओकेलो यंत्राचं झाकण उघडून बसलेला. त्याच्या तळहातावर मऊ कापडात एक प्रोसेसर होता. सालोंगोंनी त्याला फसवणुकीचं तेवढं सांगितलं होतं आणि त्यानं अख्खा बाजार पालथा घालून जोडीचा प्रोसेसर मिळवला होता.

"बघ! खराखुरा. रिकामी जागा भरली की तुझा रेडा घोडा होईल."

त्यानं उजवा ठोकळा उचलून बाजूला ठेवला होता. आता तो त्या धुळीवर फुंकर मारायला वाकला.

"थांब!" मी एवढ्या जोरानं ओरडले की तो मागे सरकला. "हात लावू नकोस. ठोकळा परत ठेव."

"अगं, जागा रिकामी आहे!"

"ती रिकामी नाही. ती नाकातोची आहे."

ओकेलोनं सालोंगोंकडे पाहिलं. सालोंगो दारात उभे होते. ते म्हणाले, "ठेव बाबा तो परत, आणि इकडे ये," आणि त्याला बाहेर घेऊन गेले.

ठोकळा जागेवर बसल्यावर मी यंत्र चालू केलं. एकच प्रोसेसर. मग किझ्झाला फोन लावला. तो पाण्यात होता, वाऱ्यानं त्याचा आवाज तुटत होता.

"ताई, आज अगदी जवळ आहे! दिवा लुकलुकतसुद्धा नाही, नुसता जळतोय. पुढे काहीतरी दिसतंय मला. नाव नाहीये. लहानच आहे काहीतरी, पाण्यावर उभं असल्यासारखं..."

"फोन बंद करू नकोस," मी म्हटलं आणि तो कानाशी धरूनच यंत्राच्या उजव्या बाजूपुढे जमिनीवर बसले.

एवढ्या वर्षांत मी तिला नावानं एकदाही हाक मारली नव्हती. मला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला होता.

"नाकातो," मी म्हणाले, "ऐकतेस का? पुरे झालं. तो तान्हा नाहीये आता. त्याला बायको आहे, पोर आहे, त्याला तिकडे नेऊ नकोस. तू त्याला वाचवलंस, मला कळलं. माझ्याच्यानं झालं नसतं ते. पण आता सोड त्याला आणि इकडे ये. कुणी सोबत हवी असेल तर मी आहे. ही जागा मी कुणाला देणार नाही आणि मीपण कुठे जाणार नाही. निम्मं तुझं, निम्मं माझं. चल, ये! थोरली मी आहे, माझं ऐकायचं!"

शेवटचं मी ओरडलेच असणार, कारण खाली सलूनमधलं केस वाळवायचं यंत्र बंद पडलं आणि बायका गप्प झाल्या.

फोनमध्ये नुसता वारा होता. बराच वेळ. मी किझ्झाला हाका मारत राहिले. माझ्या मनात नको ते सगळं येऊन गेलं.

"अगं कान फोडतेस का?" तो एकदम म्हणाला. त्याचा आवाज रुसलेला होता. "विझला गं ताई दिवा. काहीच नाहीये पुढे. नुसतं पाणी. आणि मी कुठे येऊन पडलोय हे, किनारा कुठेच दिसत नाहीये."

"सूर्य पाठीशी घे आणि वळ. आत्ता. मी फोनवर आहे."

तो कुरकुरत वळला. मासा गेला म्हणून मला शिव्या देत होता आणि मी ऐकत होते. त्याची एकेक शिवी मला गोड लागत होती. बेट दिसायला लागल्यावर तो गाणं म्हणायला लागला, बेसूर, नेहमीसारखं. तेव्हा मी भिंतीला टेकून मनसोक्त रडून घेतलं.

ओकेलो हळूच आत आला. माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात ओला रुमाल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाबिर्ये, मघाशी तर काहीच चालू नव्हतं. हे कंपाईल कुणी लावलं?"

पंखे जोरात फिरत होते. पडद्यावर काम भराभर पुढे सरकत होतं. कळ माझ्यापासून हातभर लांब होती.

"आम्ही लावलं," मी म्हणाले.